शंभर दाणे, न निवडता

निर्मलाताई,

सर्व्हरच्या खोलीत तुमची सुरळी अजून उभी आहे. आज पाचवा दिवस. सकाळी ऑफिस उघडलं की मी आधी तिथे जाते, पिशवीचं तोंड सोडते, कागद बोटाने दाबून बघते आणि वाटीतलं पाणी कडेकडेने शिंपडते, तुम्ही शिंपडायचात तसं. उघडून मात्र बघत नाही. सोयाबीनचा निकाल आठव्या दिवशी, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की आता तुम्ही नसतानाही माझा हात तिथेच थांबतो.

सोमवारी तुम्ही माझ्या आप्पांच्या घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजलेत, ओल्या कागदावर रांगेने मांडलेत, कागद गुंडाळून दोन्ही टोकांना रबर लावलंत आणि पिशवीत घालून सुरळी स्टुलावर उभी केलीत. मे महिन्यात आपल्या जालन्यात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात, दाण्याला मानवेल एवढा गारवा फक्त सर्व्हरच्या खोलीत असतो. पहिल्या वर्षी संजयभाऊ वैतागले होते. कंपनी त्यांची, सर्व्हरही त्यांचा. "ताई, एवढं महागाचं मशीन आणि शेजारी पाण्याची वाटी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "भाऊ, माझी वाटी सांडली तर मी फडक्यानं पुसते. तुमचं मशीन सांडलं तर कोण पुसतं ते ठरवा आधी." त्यानंतर त्या स्टुलाला कोणी हात लावला नाही.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही घरी गेलात. बुधवारी सकाळी तुमच्या मिस्टरांचा फोन आला.

मंगळवारी दुपारी डबा उघडताना तुम्ही छातीवर हात ठेवला होता. मी पुस्तकातून मान वर काढून विचारलं, काय होतंय? "जळजळतंय. पित्त असंल." डॉक्टरकडे जाऊ या का? "किरकोळ हाय गं. तू वाच." मी वाचायला लागले. खरं सांगायचं तर तो शब्द ऐकून मला बरंच वाटलं, कारण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं काम तुंबलेलं होतं आणि दवाखान्यात जायचं म्हणजे दुपार गेली असती. कोणतं पान वाचत होते ते मला आठवत नाही. ते पुस्तक मी पुन्हा उघडलेलं नाही.

मला तुमच्याशी बोलायचंय ते या दुपारबद्दल नाही. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. आपल्यात एक जुनं भांडण अर्धं राहिलंय, आणि काल तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी आले तेव्हा ते भांडण मला माहीत होतं त्याहून वेगळंच निघालं. म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत होणार नाही. सुचेल तसं लिहीन.

*

मी पदवी घेऊन संभाजीनगरहून परत आले तेव्हा मला वाटायचं, सॉफ्टवेअरचा दर्जा राखायला पुस्तकं पुरतात. बियाणे कंपन्यांसाठी आपण जे सॉफ्टवेअर करतो, म्हणजे कच्चा माल आत आला, साफ झाला, लॅबमध्ये तपासला, पोत्यांत भरला, गाडीत चढला, याची सगळी नोंद, त्याची दुरुस्ती आणि तपासणी संजयभाऊंनी माझ्याकडे सोपवली. आणि मदतीला म्हणून तुमच्याशी ओळख करून दिली. वीस वर्षं तुम्ही एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये दाणे उगवून बघितलेत. कंपनीने लॅब दुसऱ्या गावी हलवली, तुम्ही हलला नाहीत. संगणक तुम्हाला आमच्याकडे आल्यावर आला.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "ही आवृत्ती चांगली की वाईट, हे तुला कसं कळतं?"

मी फळ्यावर लिहून दाखवलं. सापडलेले दोष मोजायचे. त्यांचे तीन वर्ग करायचे: गंभीर, मध्यम, किरकोळ. गंभीर दोष पाचांच्या वर असतील तर आवृत्ती बाहेर सोडायची नाही. हा पाचाचा नियम मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

तुम्ही फळा वाचलात, दोनदा. "बराबर हाय," म्हणालात. "पण हे तर फक्त कुजके दाणे मोजून राह्यली तू. उगवले किती?"

मग तुम्ही तुमची पद्धत सुरू केलीत. आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंबड रोडच्या प्लांटमधून जुन्या पावत्यांचा गठ्ठा आणलात, त्यातले वरचे शंभर कागद जसे आले तसे उचललेत आणि एकेक करून नव्या आवृत्तीत भरत गेलात. दोन दिवस लागले. वहीत चार रकाने होते, लॅबमध्ये असायचे तसेच. चांगलं रोप, म्हणजे पावती सरळ शेवटपर्यंत गेली. कुजका दाणा, म्हणजे मध्येच अडकली. वाकडं रोप, म्हणजे गेली खरी, पण काहीतरी हरवून. चौथा रकाना टणक दाण्याचा, जो पाणीच पीत नाही. सॉफ्टवेअरचा जो भाग कोणी उघडतच नाही तो तुम्ही तिथे लिहायचात. माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीचा एक अख्खा अहवाल तुम्ही टणक दाण्यांत टाकला होता.

मला राग आला होता. वाकड्या रोपांचा तर जास्तच. लेबलावर 'घनसावंगी'चं 'घनसाव' छापलं जात होतं, एवढंच. मी म्हटलं, ताई, हे किरकोळ आहे, लोकांना कळतं. तुम्ही म्हणालात, "कळतं गं. वाकडं रोपही हिरवंच दिसतं. त्याला शेंग लागत न्हाई, एवढंच."

मी ते दुरुस्त केलं. त्यानंतर दर आवृत्तीला भाऊ माझा तक्ता बघायचे आणि मग तुमच्याकडे वळून विचारायचे, "उगवण किती?" दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मीही मनातून तुमचाच धरायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

प्लांटमध्ये तुम्ही ऑपरेटरच्या मागे तास-दोन तास नुसत्या उभ्या राहायचात. एकदा परत येऊन म्हणालात, "आज तो अकरा वेळा च्यायला म्हणला. मागच्या आवृत्तीला चार वेळा म्हणला होता. लिही." मी म्हटलं, हे अहवालात कसं लिहू? "मंग काय लिहिशील?" वापरणाऱ्याची नाराजी, मी म्हटलं. "नाराजी माझ्या सासूला असायची," तुम्ही म्हणालात. "हा च्यायला म्हणला." दुसऱ्या दिवशीपर्यंत आपलं हे चाललं. शेवटी तळटीप टाकली, आणि भाऊंनी सगळ्यात आधी तीच वाचली.

पण तुमचा एक नियम होता ज्यावर तुम्ही कधी थट्टा केली नाहीत. शंभर मोजताना हात जिथे पडेल तिथून मोजायचं. दाणा फुटका दिसो, बारका दिसो, तो आला की आला. "लॅबमध्ये नवीन पोरी यायच्या," तुम्ही सांगायचात. "वाईट मन नसायचं त्यांचं. पण बोटं आपोआप टपोऱ्या दाण्याकडं जायची. मंग उगवण नव्वद यायची अन् शेतात साठ. मी त्यांना म्हणायचे, बायांनो, मोजायला बसलात, निवडायला न्हाई."

*

गेल्या वर्षीचा मे.

हंगामाच्या तोंडावर सगळ्या प्लांटमध्ये पॅकिंगची घाई. नवी आवृत्ती त्यांना दहा दिवसांत हवी होती. माझ्या तक्त्यावर गंभीर दोष बरोबर पाच होते. त्या दिवशी तुम्ही अंबड रोडच्या प्लांटमधून आलात, पर्स खाली न ठेवता माझ्या टेबलाशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "वर्षे, एक वाईट दिसलं."

एकाच लॉटचं, म्हणजे एका नंबरच्या सगळ्या पोत्यांचं पान, लॅबमधल्या माणसाने उघडलं होतं. तेच पान त्याच वेळी गोदामातल्या माणसानेही उघडलं होतं. लॅबवाल्याने उगवणीचा निकाल भरून साठवलं. मिनिटाभराने गोदामवाल्याने पोत्यांची संख्या बदलून साठवलं, आणि त्याच्यासमोरचं जुनं पान तसंच्या तसं वर गेलं. लॅबचा निकाल पुसला गेला. कोणालाच काही कळलं नाही.

मी करून बघितलं. माझ्या मशीनवर दोन खिडक्या उघडल्या, एकीत निकाल भरला, दुसरीत पोती बदलली. काही झालं नाही. पुन्हा केलं. नाही.

तुम्ही म्हणालात, "एकटीला न्हाई दिसायचं ते. दोन मशीनं, दोन माणसं लागतात. पाच मिनिटं माझ्यासंगं बस."

मी म्हटलं, उद्या बसू.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, ताई, माझी मान वर करायची सोय नाही. संध्याकाळी मी तुमच्या नोंदीखाली लिहिलं: पुन्हा घडवून पाहता आलं नाही. वर्ग: किरकोळ. मला पुरतं ठाऊक होतं की तो दोष खरा असेल तर गंभीर आहे. गंभीर लिहिला असता तर सहा झाले असते, आणि माझ्याच नियमाने आवृत्ती अडली असती. पाचावर आकडा राहिला. भाऊंनी तक्ता बघून मान डोलावली. तुम्ही तक्त्याकडे बघत राहिलात, मग माझ्याकडे. एवढंच म्हणालात, "वर्षाबाई, दाणा बाजूला सारलास."

तुम्ही मला बाई म्हणायचात ते फक्त रागावल्यावर.

आवृत्ती गेली. तीन आठवड्यांनी तीर्थपुरीच्या एका दुकानदाराकडून सोयाबीनची गाडी परत आली. त्याने विकण्याआधी सवयीने दाणे उगवून बघितले होते आणि निम्मेही उगवले नव्हते. नशीब, पेरलं कोणी नव्हतं. प्लांटमध्ये शोध झाला. लॅबमधला कैलास, तिशीचा, घरी दोन लेकरं, शपथेवर सांगत होता की मी हा लॉट नापास टाकला होता. कॉम्प्युटर सांगत होता, पास. आधीच्या हंगामातला जुना निकाल गोदामाच्या पानाबरोबर परत वर आला होता. कैलासला कामावरून काढलं.

ते कळलं त्या दुपारी आपण दोघी बसलो. तुम्ही त्या टोकाच्या मशीनवर, मी या टोकाच्या. तुम्ही निकाल भरलात, मी पोती बदलली. पुसलं गेलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुरुस्ती मी दोन दिवसांत केली. नव्या आवृत्तीबरोबरच्या पत्रकात 'इतर सुधारणा' या शब्दांखाली ती घातली. तुम्ही म्हणालात, "हे झालं. आता प्लांटला लिहून दे, चूक आपली होती, कैलासची न्हाई." मी म्हटलं, भाऊंना विचारून देते. भाऊंना विचारलं नाही. तुम्ही चार दिवसांनी पुन्हा म्हणालात. मी म्हटलं, ताई, ते ग्राहक तुटतील. "मंग तुटू दे की." मी म्हटलं, तुम्हाला बोलायला सोपं आहे, सही माझी असते. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि उठून गेलात. आठवडाभर आपण कामापुरतं बोललो.

मग एक दिवस भाऊ सहज म्हणाले, त्या प्लांटने त्या लॅबवाल्याला परत घेतलं म्हणे. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पावत्या लावत होतात. म्हणालात, "बरं झालं." मला वाटलं, आपोआप मिटलं. कसं मिटलं, हे मी विचारलं नाही. वर्षभर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शेंगदाण्याची चटणी वाढलीत आणि मी ती खाल्ली.

*

परवा शुक्रवारी तुमच्या घरी माणसं बसली होती. दाराशी एकजण उभा होता, टोपी हातात धरून. मला बघून जवळ आला.

"तुम्ही वर्षा मॅडम ना? मी कैलास. ताईंच्या तोंडून लई ऐकलंय तुमचं."

मी विचारलं, काय ऐकलंय?

"की लई हुशार हाय. अन् जेवताना पण पुस्तक लागतं म्हणे." तो थोडा हसला. मग म्हणाला, "ताईंमुळं मी कामावर हाय, मॅडम. अकरा दिवस घरी व्हतो. माझी कागदपत्रं आणायला प्लांटवर गेल्तो, तर ताई मालकाच्या केबिनमध्ये. म्हणत होत्या, सॉफ्टवेअर तपासायचं काम माझं हाय. ही चूक मला दिसली न्हाई, मी पास केलं. कैलासनं नापासच टाकलं असणार. ठपका ठेवायचा तर माझ्यावर ठेवा."

मग मालक काय म्हणाले, मी विचारलं.

"मालक लई बोलले. म्हणले, वीस वर्षं लॅबमध्ये काढली अन् एवढं दिसलं न्हाई? डोळे तपासून घ्या म्हणले. चार माणसं उभी व्हती. ताई म्हणल्या, बराबर हाय तुमचं. पाणी दिलं तर पिल्या न्हाई, निघून आल्या." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "चुकतं माणूस, मॅडम. ताईंचं एकदाच चुकलं. पण कबूल केलं."

आणि मी मान हलवली, ताई. त्याचं बरोबर आहे अशी. तुमच्या दारात, तुमचा फोटो पाच पावलांवर, त्यासमोर लावलेला दिवा मला दिसत होता, आणि मी मान हलवली.

घरी आल्यापासून मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही असं का केलंत? खरं सांगितलं असतंत तर माझं नाव निघालं असतं. कदाचित नोकरी गेली असती, कदाचित नसती. ते तुम्ही माझ्यावर सोडायला हवं होतं. तुम्हाला कैलासला सोडवायचं होतं, आणि मलाही वाचवायचं होतं, म्हणून तुम्ही तिसरंच माणूस पुढे केलंत. स्वतःला. नवीन पोरींची बोटं टपोऱ्या दाण्याकडे जातात म्हणून त्यांना बोलणाऱ्या तुम्ही. वीस वर्षं एक दाणा न निवडलेल्या तुम्ही. शेवटी मला निवडून बाजूला ठेवलंत, आणि तो दाणा टपोराही नव्हता.

हे भांडण तुमच्यासमोर करायला मला काहीही चाललं असतं. तुम्ही झाकण लावून उठून गेला असतात तरी चाललं असतं.

आपल्या नोंदींमध्ये तो दोष मी काल पुन्हा उघडून बघितला. तुमच्या दोन ओळी. खाली माझी एक, 'किरकोळ'. त्याखाली अजून लिहायला जागा आहे. वर्षभर ती जागा तुमच्यासाठी उघडी होती. तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

*

सोमवार.

आज सकाळी मी भाऊंच्या टेबलावर पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "वर्षा, मिटलेलं कशाला उकरतेस? ताईही गेल्या आता."

मी म्हटलं, म्हणूनच. त्या प्लांटमध्ये ताईंचं नाव चुकीचं लागलंय.

"आणि उद्या त्यांनी काम काढून घेतलं तर?"

भाऊंनी पत्र पुन्हा वाचलं, कपाट उघडून कंपनीचा शिक्का काढला आणि माझ्याकडे सरकवला. "सही तुझी राहू दे," म्हणाले. "शिक्का आपला लाव."

पत्रात फार काही नाही, ताई. दोष काय होता. तो निर्मलाताईंनी आवृत्ती बाहेर पडण्याच्या नऊ दिवस आधी पाहून नोंदवला होता. त्याला किरकोळ मी ठरवलं, आकडा पाचावर राहावा म्हणून. आवृत्ती मी पास केली. कैलासने निकाल नापासच भरला होता. नोंदीचा कागद सोबत जोडला. शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून मग ठेवलं: त्यांनी आपल्यासमोर जे कबूल केलं ते त्यांचं नव्हतं.

पत्र घेऊन मी स्वतः प्लांटवर गेले. मालकांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून. "मग बाई मला तसं बोलल्या का न्हाईत?"

माझ्यामुळे, मी म्हटलं.

ते बराच वेळ कागद टेबलावर सरळ करत राहिले. "मी लई बोललो त्यांना," म्हणाले. "माणसांसमोर बोललो." मग त्यांनी बेल दाबून कैलासला बोलावलं आणि पत्र त्याच्याकडे दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, ओठ हलवत. माझ्याकडे बघितलं नाही.

"म्हंजे ताईंचं एकदाही चुकलं न्हाई," तो मालकांना म्हणाला.

मग माझ्याकडे वळला. "मॅडम, मी अकरा दिवस घरी व्हतो. लेकरांना सांगितलं व्हतं, सुट्टी हाय."

हो, मी म्हटलं. त्यापुढे त्याने काही मागितलं नाही. कोणीतरी पाणी आणून ठेवलं. तुम्ही प्यायला नव्हतात. मीही प्याले नाही. पाहुणचाराचा तो मान माझा नव्हता, एवढंच कारण.

परत आल्यावर नोंद उघडली. 'किरकोळ' पुसता येतं, पण पुसलं नाही. त्याखालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: गंभीर. पाहिला निर्मलाताईंनी. माझा निर्णय चुकीचा होता. वर्ष उशिरा का होईना, गेल्या मे महिन्याच्या तक्त्यावर आता सहा आहेत.

*

मंगळवार. आठवा दिवस.

आप्पांचा फोन सकाळीच आला. तुमच्या जाण्याचं त्यांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, बाई बियाण्याला हात लावायची तर वाटायचं, पेरलंच. आज म्हणाले, "वर्षे, विचारू का नको असं झालंय. पण दिवस जवळ आले. घरचं पेरायचं का विकत आणायचं?"

मी म्हटलं, आज उघडते.

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी सुरळी तुमच्या टेबलावर आणली. रबर काढले. कागद हळूहळू उलगडला. ओल्या मातीसारखा वास आला, माती नसतानाही. पांढऱ्या मुळ्या एका बाजूला, पिवळट टोपणं वर काढलेली रोपं, सगळी तुमच्या रांगांत. तुम्ही मांडलेल्या रांगांत, ताई. त्या सोमवारी तुमची बोटं जिथे टेकली होती, तिथेच रोपं उभी होती.

मला रडू आलं ते तेव्हा. त्याआधी सहा दिवस आलं नव्हतं.

मग तुमची वही काढली आणि मोजायला बसले. वरच्या कोपऱ्यातून, ओळीने. चांगलं रोप, चांगलं, कुजका, चांगलं, वाकडं. चौथ्या रांगेत एका बारक्या रोपावर माझा हात अडखळला. मूळ खुरटलेलं होतं, आणि माझ्या मनाने पटकन म्हटलं, चालेल, हे चांगल्यात धरू, आप्पांना आकडा बरा दिसेल. मी ते वाकड्यात लिहिलं. मोजायला बसले होते.

शेवटच्या रांगेत एक रोप असं होतं की मला कळेना. मूळ उत्तम, देठ सरळ, पण वरच्या दोन दळांपैकी, म्हणजे दाण्याच्या दोन फाकांपैकी, एक तुटलेलं, आणि उरलेल्यावर डाग. तुम्ही एकदा सांगितलं होतं की अशा वेळी किती दळ शाबूत आहे ते बघतात, अर्ध्याच्या वर की खाली. डाग धरायचा की नाही, ते सांगितलं होतंत का? मला आठवत नाही. भिंग लावून बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. असलं काही आलं की तुम्ही लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारायचात. दोघींनी बघायचं, मग ठरवायचं, अशी तिथली रीत होती. मी मान वर केली, आणि तुमची खुर्ची तर मीच घेऊन बसले होते.

आप्पांना फोन लावला. "त्र्याहत्तर चांगली, आप्पा. नऊ वाकडी, सतरा कुजकी."

"सत्तरच्या वर हाय ना? मंग घरचंच पेरू." त्यांनी मनात बेरीज केली. आयुष्यभर पोती मोजलेला माणूस. "पण हे नव्याण्णवच झाले, वर्षे."

एक मला कळलं नाही, मी म्हटलं.

"ताईंना..." असं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "मंग तसंच लिहून ठेव, बाळा. उगं कशात ढकलू नको."

तुमच्या वहीत, तुमच्या अक्षरातल्या शेवटच्या ओळीखाली, मी लिहिलं आहे: सोयाबीन, घरचं. चांगली त्र्याहत्तर. वाकडी नऊ. कुजकी सतरा. आणि एक, जे मला एकटीला ठरवता आलं नाही.